आप्पांनी गाळलेलं पाणी

आमच्या आप्पांना एका फडक्यानं जन्मभर अडकवून ठेवलं.

आप्पा म्हणजे माझे आजोबा. आज त्यांना जाऊन बारा वर्षं झाली. निपाणीत त्यांनी तंबाखूची वखार चालवली. मनाविरुद्ध, आणि एक दिवसही न चुकता.

त्याआधी, दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईच्या काळात, ते बेंगळूरला एका लॅबमध्ये होते. मिठाच्या पाण्यावर काम करत.

मला समजावून सांगायचे, "पाण्याचे कण एकमेकांचा हात धरून थरथरत असत्यात. मीठ पडलं की मिठाचे कण त्यातल्या काहींना धरून ठेवत्यात. मग थरथर बदलती."

पाण्यावर झगझगीत दिव्याचा उजेड सोडायचा. ती बदललेली थरथर फोटोच्या काचेवर पुसट पट्ट्यासारखी उमटते. अशा एका काचेला, म्हणजे प्लेटला, तीन दिवस लागायचे.

तेवढ्यात घरून त्यांच्या वडिलांचा, अण्णांचा, निरोप आला. वखार सांभाळायला ये.

लॅबमधले सर म्हणाले, प्लेट स्वच्छ आली तर वडिलांना मी पत्र लिहितो, तुला इथंच ठेवून घेतो.

लढाईमुळं परदेशी प्लेटा बंद. लॅबमध्ये एकच उरलेली.

आणि आम्ही जैन. गाळल्याशिवाय पाणी ओठाला लावत नाही. आप्पांच्या आईनं ट्रंकेत गाळायचं फडकं दिलं होतं, वखारीच्या दोरीवर वाळलेलं.

आप्पांच्या हातात डिस्टिल्ड वॉटर होतं. त्याहून स्वच्छ पाणी कुठलं आणायचं? तरी नळीत ओतण्याआधी त्यांनी ते गाळलं.

"हात सवयीनं गेला गं. कळलंबी न्हाय."

फडक्यातला तंबाखूचा अंश पाण्यात उतरला आणि दिव्यात तोच चमकत राहिला. तीन दिवसांनी प्लेट धुतली तर त्या उजेडानं सगळी काळी. पट्टा कुठंच नाही.

पुढच्या आठवड्यात आप्पा वखारीत बसले.

मी बेळगावात केमिस्ट्री शिकवते. एकदा चिडूनच विचारलं, "लढाई संपल्यावर परत का नाही गेलात?"

"अण्णांनी अंथरूण धरलं. मग लगीन. मग तुझा बाप."

मग म्हणाले,

"मिठानं धरलेलं पाणीबी सुटतंय गं. लगेच सुटतंय. त्याच्या जागी दुसरं येतंय. माझ्या जागी कोण आलंच न्हाय."

मला तेव्हा रडू आलं. आजही येतंय.

घरातलं पाणी मात्र शेवटपर्यंत रोज सकाळी आप्पाच गाळायचे. त्या फडक्याचा राग म्हणून कधी केला नाही.

आप्पा, आज कॉलेजातून डिस्टिल्ड वॉटर आणलंय. पेलाभर तुमच्या फोटोपुढं ठेवलंय.

गाळलेलं नाही.

तुमच्या नातीचा नमस्कार.