कंपनीचं इंजिन

परवा आरटीओत माझी बोलती बंद झाली. मला ओळखणाऱ्यांना ही बातमी वाटेल, आणि ती बातमीच आहे...

आमच्या छोट्या हॅचबॅकला पंधरा वर्षं पूर्ण झाली, म्हणून रजिस्ट्रेशन रिन्यू करायला गेलो होतो. गाडी माझ्या बोनसमधून घेतलेली, पण बाबांच्या नावावर. त्यामुळे काळाचौकीहून बाबाही सोबत आले होते. वय चौऱ्याहत्तर, सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले, काखेत कागदांची प्लास्टिकची पिशवी. गुडघ्यांमुळे त्यांना आता एसटीत चढवत नाही. ही गाडी गेली की त्यांचं गावाला जाणं संपलं, इतका साधा हिशोब होता.

या गाडीबद्दल मी काय काय बोललोय ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. कंपनीचं इंजिन, अजून पाना लागलेला नाही वगैरे. इथेच दोनदा पोस्ट टाकलीय. कुणी इंजिन बदलून घेतो म्हटलं की माझं लेक्चर सुरू... बदललेलं इंजिन टिकत नाही, कधीतरी घाटात दगा देणार म्हणजे देणारच. गिरगावातल्या माझ्या मित्राने, संदीपने, दोन वर्षांपूर्वी माझं ऐकून चांगली धडधाकट गाडी भंगारात दिली.

तर इन्स्पेक्टरसाहेबांनी बॉनेट उघडलं, टॉर्च मारला, कागद धरून पेन्सिलीने नंबरचा ठसा घेतला. मग त्यांनी मी भरलेल्या फॉर्मकडे बघितलं. परत टॉर्च मारला.

"चेसिसचा नंबर बरोबर आहे. इंजिन दुसऱ्या गाडीचं आहे."

मी हसलो. खरंच हसलो... म्हटलं, साहेब, हे इंजिन आजवर उघडलेलंसुद्धा नाही. चारचौघांना ऐकू जाईल असं म्हटलं. त्यांनी शांतपणे ठसा माझ्या नाकासमोर धरला. शेवटचे सगळे आकडे वेगळे.

साहेब सांगत होते की असं रिन्यू होणार नाही, इंजिन चोरीचं निघालं तर प्रकरण पोलिसांत जाईल. माझ्या डोक्यात एकच नाव होतं. गाडी आयुष्यभर एकाच माणसाच्या हाताखाली, लालबागचे आमचे मेकॅनिक दत्ताभाऊ. म्हणजे त्यांनीच... आणि मी तिथे उभ्या उभ्या त्यांना चोर म्हटलं. वीस वर्षांची ओळख. आठवलं की अजून लाज वाटते.

तेवढ्यात बाकावर बसलेले बाबा गुडघा धरत उठले. पिशवीतून एक फोल्डर काढला.

"साहेब, याने जुन्या आरसीच्या स्कॅनवरून फॉर्म भरलाय. इंजिन बदललंय, त्याची तुमच्याकडे नोंद आहे. ही नवी आरसी, हे बिल, हा परवानगीचा कागद."

साहेबांनी कॉम्प्युटरवर पाहिलं, मान डोलावली आणि फॉर्म दुरुस्त करून आणायला सांगितलं. त्यांच्यासाठी विषय संपला. माझ्यासाठी...

बाहेर चहा घेताना बाबांनी सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी मी कंपनीच्या कामाला सहा महिने ऑनसाइट, परदेशात होतो तेव्हाची गोष्ट. गौरी-गणपतीच्या विसर्जनाला बाबा आणि काका घरचा गणपती गाडीतून गिरगाव चौपाटीला न्यायला निघाले. पुढे एका मंडळाची मिरवणूक, मागे दुसऱ्या मंडळाची. तीन तास पहिल्या गिअरमध्ये, एसी लावून, मुंगीच्या चालीने. रेडिएटरचा पंखा बंद पडलेला, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

काटा लाल रेघेला टेकलेला बाबांनी पाहिला होता. पण काकांच्या मांडीवर बाप्पा... निरोपाला निघालेला गणपती मध्येच थांबवायचा नाही, म्हणून ते तसेच चालवत राहिले. चौपाटीच्या अलीकडे इंजिन जाम झालं ते कायमचंच. बाप्पा उरलेलं अंतर काकांच्या हातातून गेले.

मग दत्ताभाऊंनी त्याच मॉडेलचं, मागून ठोकलेल्या गाडीचं इंजिन शोधलं. उतरवण्याआधी ते चालू करून दाखवलं. बाबा ते ऐकायला तीनदा गेले. रेडिएटर, पंखा नवा घातला. कागद बाबांनी स्वतः खेटे घालून केले. आणि मला सांगायचं नाही म्हणून भाऊंना शपथ घातली.

"अरे, सांगणारच होतो. तू आलास, पहिलीच चक्कर मारलीस आणि म्हणालास, बघा बाबा, कंपनीचं इंजिन ते कंपनीचं. मग काय सांगू?"

तिथूनच संदीपला फोन लावला आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, "माझी गाडी छान होती रे." आणि फोन ठेवला.

परत येताना एक गोष्ट लक्षात आली. या गाडीत बसले की बाबा काच खाली करतात, घाटात तर हमखास. एसी चालू आहे, धूळ येतेय, म्हणून मी कितीदा त्यांच्यावर ओरडलोय. त्या दिवशी काच वर होती.

"आज वारा नको?" मी विचारलं.

"वाऱ्यासाठी नव्हतो उघडत. इंजिनचा आवाज ऐकायचो. तू म्हणायचास ना, घाटात दगा देणार. आता तुलाही माहीत आहे."

नऊ वर्षं... प्रत्येक घाटात ते कान देऊन बसलेले, आणि शेजारी मी त्याच इंजिनचे गोडवे गात गाडी चालवतोय. ते इंजिन एकदाही खोकलं नाही, त्याचे उपकार. या गणपतीत गावाला जाताना लेक्चर बंद. तेवढा वेळ बाबांनी निवांत झोपावं, एवढीच इच्छा आहे.