कैसरचा डावा हात

दत्ताराममास्तर म्हणजे इथे आखातात आमच्या अल मनखूलच्या टेलरिंग शॉपचा कणा. इतकी वर्षं झाली, कटिंग त्यांचंच. माणूस गुहागरचा, बोलणं कमी, पण कापडावर त्यांचा खडू फिरायला लागला की बघत राहावं. गेल्या वर्षापासून त्यांचा डावा हात थरथरायला लागला. ते फक्त मला ठाऊक, कारण माझं मशीन त्यांच्या शेजारी. मी कापड दाबून धरायची, ते कात्री चालवायचे. "कावेरी, शेठना कळलं तर व्हिसा रिन्यू होणार नाही गं. लेकीचं नर्सिंगचं एकच वर्ष राहिलंय," म्हणायचे. मग मी तरी कशाला तोंड उघडतेय!

अशात आमच्या गिऱ्हाईक नीलिमाताई आल्या. ऊद मेथाला त्यांच्या लेकीच्या, पर्णिकाच्या शाळेत मुलं पहिल्या महायुद्धाच्या वेळचे राजे आणि पंतप्रधान बनून स्टेजवर येणार होती. पर्णिका जर्मनीचा बादशहा, कैसर. ताईंनी मोबाइलवर जुने फोटो दाखवले, ते मास्तर मोठे करून करून बघत बसले.

"ताई, ह्यांचा डावा हात असा का? कधी तलवारीवर, कधी खिशात."

"जन्मापासून अधू होता ना. लोकांना दिसू नये म्हणून लपवायचे."

"मग पुढे काय झालं त्यांचं?"

"युद्ध हरले. देश सोडून जावं लागलं."

मास्तरांनी फोटो पुन्हा मोठा केला. मला मात्र त्या बादशहाचा रागच आला. अरे मेल्या, तुझा व्हिसा कोण कॅन्सल करणार होतं, म्हणून तू हात लपवत होतास?

कैसरचा कोट मास्तरांनी जीव ओतून शिवला. ट्रायलला पर्णिकाला बजावलं, "डावा हात तलवारीच्या मुठीवर. हलवायचा नाही."

"ओके, अंकल."

डिलिव्हरीच्या दिवशी मिशी चिकटवलेली पर्णिका बघून आमचे भानुदासशेठ एकदम खूश. "यल्ला मास्तर, चला, हिच्या बाजूला उभे राहा, फोटो काढू!" मास्तर उभे राहिले. डावा हात सवयीने खिशात गेला.

पर्णिका ओरडली, "लुक! अंकल इज हायडिंग इट टू, लाइक द कैसर!"

सगळे हसले. शेठही हसले. मग त्यांचा मोबाइल खाली आला.

"मास्तर, हात काढा बघू बाहेर."

 मास्तरांनी हात काढला. तो थांबता थांबेना.

"कधीपासून?" शेठ म्हणाले.

 मास्तरांनी गळ्यातली टेप काढून काउंटरवर ठेवली. आपण काय बोललो ते पोरीला कळलं असावं, तिचा चेहरा रडवेला झाला. मास्तर तिच्यापुढे वाकले.

"रडू नको गं बाय. मिशी सुटेल."