एकच औषध, दोन नावं

गेल्या मंगळवारी सकाळी आई बाथरूममधून बाहेर आली आणि दारातच खाली बसली. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. आम्हाला वाटलं, परत स्ट्रोक आला... तशीच गाडीत घातली आणि गंगापूर रोडला तिच्या न्यूरोच्या डॉक्टर मॅडमकडे निघालो.

आई मनमाडला रेल्वेच्या बुकिंग ऑफिसात होती. रिटायर झाल्यावरही तिकडेच एकटी राहायची. दिवाळीनंतर काही दिवस आमच्याकडे नाशिकला आली, आणि एका दुपारी मेथी निवडता निवडता तिचं तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला. माझा नवरा प्रशांत घरी होता. त्याने तिला लगेच हॉस्पिटलला नेलं, म्हणून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन वेळेत मिळालं.

हात बराच सुधारला. बोलणं मात्र गेलं... म्हणजे शब्द येतात, पण भलतेच. पाणी हवं असेल तर "चावी" म्हणते, आणि आपण चावी दिली की कपाळाला हात लावते.

एमआरआयचा रिपोर्ट मी घरी आल्यावर नेटवर एकेक शब्द टाकून वाचला होता. त्यात मेंदूचं वयोमानानुसार आकुंचन असं काहीतरी होतं. ते वाचून मी मनाशी ठरवूनच टाकलं, की आईला आता फारसं कळत नसणार. भेटायला कुणी आलं की तिच्यासमोरच बोलणं व्हायचं, "आता लहान मुलासारखंच झालंय हो तिचं..."

त्यात गोळ्यांची रोजची भांडणं. सकाळच्या गोळ्यांतली एक ती बाजूला सारायची. "तिकीट... तिकीट!" म्हणायची आणि चिडायची. आम्हाला वाटायचं, ऑफिसच्या आठवणी येतायत. शेवटी मी ती गोळी कुस्करून शिऱ्यातून द्यायला लागले.

तर त्या दिवशी मॅडमनी आईचा चेहरा, हात, चालणं सगळं तपासलं. मग बीपी घेतलं, आणि परत एकदा घेतलं.

"नवीन स्ट्रोकची लक्षणं दिसत नाहीत. पण बीपी फारच खाली आलंय. गोळ्या कुठल्या कुठल्या देताय?"

मी फाइल उघडून वाचायला लागले. प्रशांतने निघताना घाईत गोळ्यांचा डबाच उचलून आणला होता, तो टेबलावर होता. आईने त्यात डावा हात घातला, शोधून दोन स्ट्रिप काढल्या, दोन्ही उलट्या केल्या आणि मॅडमपुढे शेजारी शेजारी ठेवल्या.

"तिकीट," ती म्हणाली. मग जरा थांबून, "डबल."

मॅडमनी स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं वाचली. "ही आधीपासून चालू होती?"

"हो, बीपीची. मनमाडच्या डॉक्टरांनी दिलेली."

"आणि ही आम्ही डिस्चार्जच्या वेळी लिहून दिलेली. अहो, औषध एकच आहे! कंपनी वेगळी म्हणून नाव वेगळं. यांना डबल डोस जातोय."

नवी गोळी आली की जुनी बंद करायची, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं. दोन्हीत औषध एकच आहे, हे आईने मात्र स्ट्रिपवर वाचलं होतं. सांगायला हवा तो शब्द तेवढा सापडत नव्हता... म्हणून जो सापडला तो वापरत होती.

मॅडमनी एमआरआयची फिल्म लाइटवर लावली. खुर्ची आईकडे वळवली, माझ्याकडे नाही.

"काकू, हा पांढरा डाग बघा. फिल्ममध्ये उजवीकडे दिसतोय, पण ही तुमची डावी बाजू आहे. समोर बसलेल्या माणसाची डावी बाजू आपल्याला उजवीकडे दिसते ना, तसं. शब्द इथून येतात, तिथे अडचण झालीय. समजण्याचा भाग इकडे मागे आहे. तो चांगला आहे."

"आणि ते आकुंचन?" मी विचारलं.

"ते या वयात बऱ्याच जणांच्या रिपोर्टमध्ये असतं. तेवढ्यावरून माणसाला कळत नाही असं होत नाही. यांना सगळं कळतंय."

सगळं... म्हणजे पाहुण्यांसमोर आम्ही बोलायचो तेही. मी आईकडे बघितलं. ती फिल्म बघत होती.

जुनी बीपीची गोळी बंद झाली. रक्त पातळ करणारी गोळी गुठळी होऊ नये म्हणून आहे, ती एक दिवसही चुकवायची नाही. रिपोर्ट चांगला आला तरी कोलेस्टेरॉलची गोळीही मनाने थांबवायची नाही. स्पीच थेरपी लगेच सुरू करायची. निघताना मॅडम म्हणाल्या, "त्या शब्द शोधत असल्या की तुम्ही पुढे होऊन बोलू नका. थांबा जरा."

दोन-तीन दिवसांत चक्कर थांबली. गोळ्या आता आई स्वतः काढते, मागची अक्षरं वाचते आणि मगच तोंडात टाकते. मी फक्त पाणी देते.

काल कुमुदमावशींचा फोन आला. मनमाडला आई आणि त्या शेजारशेजारच्या खिडकीवर बसायच्या. "कशी आहेस गं?" स्पीकरवर त्यांचा आवाज आला. आई शब्द शोधायला लागली. बराच वेळ गेला. मी सवयीने फोनकडे हात नेला, तर आईने माझा हात बाजूला सारला.

"बरी..." ती म्हणाली. मग खूप वेळाने, "बरी आहे... मी."

तेवढा सगळा वेळ पलीकडे कुमुदमावशी एक अक्षरही न बोलता थांबल्या होत्या. मावशी, तुम्ही हे वाचाल की नाही माहीत नाही... पण त्या थांबण्याबद्दल मनापासून आभार.