खापराखालची वीज

खापर तडकले तेव्हा फारसा आवाज झाला नाही. वाळकी काडी मोडावी, इतकाच. उपड्या ठेवलेल्या त्या मातीच्या घुमटावर माथ्यापासून कडेपर्यंत एक रेघ उमटली. खापर पाच मिनिटांत तापेल, असे मी सांगितले होते. त्या भरवशावर सिंधूबाईंनी पहिला मांडा हातावर घेतला होता. तो आता त्यांच्या दोन्ही मनगटांवरून रुमालासारखा लोंबत होता आणि टाकायला जागा नव्हती.

“गेलं,” त्या म्हणाल्या.

“साहेब, लोड जास्त झाला वाटतं,” माझे वायरमन रऊफभाई म्हणाले.

“मेन बंद करा,” मी म्हणालो.

सिंधूबाईंची मुलगी मनीषा दारात उभी होती. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले. आखाजीला अठरा दिवस उरले होते.

मी निवृत्त इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे. सातपूरच्या एका कारखान्यात हीट ट्रीटमेंटच्या भट्ट्या सांभाळण्यात माझी नोकरी गेली. पोलादाचे भाग ठरावीक तापमानाला तापवून कठीण करायचे, हे त्या विभागाचे काम. निवृत्तीनंतर मी लायसन्स चालू ठेवले आणि घरांची कामे घेऊ लागलो. मनीषा माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. पाथर्डी फाट्याजवळच्या कॉलनीत मायलेकी राहतात. तिची मागणी एका वाक्याची होती.

“काका, घरात एकही ज्योत नको.”

कारण आईची फुप्फुसे. सिंधूबाई सटाण्याकडच्या. तीस वर्षांहून अधिक काळ त्या घरामागच्या चुलीवर खापराचे मांडे करून विकत आल्या. ज्यांनी मांडा पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: ही पुरणपोळीच, परंतु लाटण्याशिवाय केलेली. पुरण भरलेला गोळा हातांवर फिरवत, झुलवत हातभर रुंद करायचा आणि उपड्या खापरावर अलगद टाकायचा. खानदेशातल्या घरांत आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तो लागतोच. नाशकात स्थायिक झालेल्या अशा घरांतून सिंधूबाईंकडे ऑर्डर येत. डॉक्टरांनी त्या वर्षी स्पष्ट सांगितले होते की धूर आता बंद झाला पाहिजे. आणखी एक हंगाम चुलीपुढे काढला, तर घरात ऑक्सिजनचे मशीन आणावे लागेल.

मनीषाने आईला काम सोडायला सांगून पाहिले होते.

“मग मी दिवसभर करू काय?” आईने विचारले होते. “तुझ्या वह्या तपासू?”

हा पेच घेऊन मनीषा माझ्याकडे आली. धूर राहिला तर श्वास जाणार होता. काम गेले तर बाई बसून राहणार होत्या, आणि ते दोघींनाही मान्य नव्हते.

घराचा बाकीचा भाग सोपा होता. गॅसच्या शेगडीच्या जागी इंडक्शन आले. गॅस गिझर काढून हीट पंप बसवला. हे यंत्र पाणी थेट तापवत नाही. ते बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडते. वीज लागते ती त्या ओढण्यापुरती. साध्या हीटरला जेवढी वीज लागते, तिच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्यात तेवढेच पाणी तापते. सिंधूबाईंनी यंत्रातून बाहेर पडणाऱ्या हवेपुढे हात धरला. ती गार होती. मग न्हाणीघरातल्या नळाखाली धरला आणि झटकन मागे घेतला.

“हवातली ऊब काढी लिधी का, भाऊ?” त्यांनी आपल्या अहिराणीत विचारले.

“हो. काढून घेतली.”

“आणि हवेला कळलंबी नाही,” त्या म्हणाल्या. मी ही यंत्रे अनेक घरांत बसवली आहेत. त्या दिवशी मीही नळाखाली पुन्हा एकदा हात धरून पाहिला.

अडचण खापराची होती. इंडक्शन शेगडी स्वतः तापत नाही, भांड्याला तापवते. आणि ते भांडे चुंबक चिकटेल अशा धातूचे असावे लागते. मातीचे तिच्यापुढे काही चालत नाही. लोखंडी घुमट करून देतो, असे मी सुचवले. सिंधूबाईंनी माझ्याकडे पाहिले आणि चहा आणायला आत गेल्या. ते उत्तर होते. तेव्हा खापराखाली विजेची कॉइल बसवायची, असे मी ठरवले. कॉइल म्हणजे वीज सोडल्यावर लाल होणारी तार. माझ्या भट्ट्यांतही तीच असे.

एवढा भार घराच्या सिंगल फेजच्या मीटरवर बसत नव्हता. मी थ्री फेजचा अर्ज घेऊन वीज कार्यालयात गेलो. टेबलामागे एक तिशीतले इंजिनिअर होते.

“बंगला आहे का?”

“नाही. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर.”

“मग थ्री फेज कशाला? पिठाची गिरणी टाकताय?”

“मांडे करायचे आहेत.”

“मांडे?”

“खापराचे.”

त्यांनी पेन खाली ठेवले. “विजेवर खापराचे मांडे? साहेब, माझी आजी चाळीसगावची. तिला सांगितलं तर ती मला घरात घेणार नाही.”

“तिला सांगू नका. फॉर्म तपासा.”

त्यांनी फॉर्म तपासला, दोन जागी सह्या राहिल्या होत्या त्या दाखवल्या, आणि आठवड्याच्या आत मीटर बदलून मिळाले. बाकी सर्व तयार झाल्यावर पहिली चाचणी घेतली. तिचा निकाल मी सुरुवातीलाच सांगितला आहे.

चूक माझी होती. मी गार खापरावर पूर्ण भार दिला. पोलादाला मी असे कधीही केले नसते. परंतु हे स्वयंपाकघर होते, आणि स्वयंपाकघरात कारखान्याचे नियम कशाला, असा विचार मी केला होता.

“लाकूड एकदम पेटत नाही, भाऊ,” सिंधूबाई तुकडे गोळा करत म्हणाल्या. “म्हणून खापर वाचतं.”

नांदगावच्या बाजारातून त्यांनी दोन खापरे आणली होती. आता एक उरले. ते देणाऱ्या कुंभाराची नवी भट्टी आखाजीनंतर निघणार होती.

मी कंट्रोलर बसवला. तापमान किती वेळात किती वाढवायचे, हे ठरवून देणारी ती पेटी. खापर तापायला पाऊण तास लागेल, असे लावले. दुसऱ्या चाचणीत खापर टिकले. सिंधूबाईंनी मांडा टाकला. मधला भाग मिनिटभरात काळा पडला. कडा ओल्या पिठासारख्या पांढऱ्या राहिल्या.

“आम्हा मालेगावकरांना चालेल,” रऊफभाई म्हणाले. “मधलं तुम्ही खा, कडेचं मी घरी नेऊन भाजतो.”

“तुम्ही मीटर बघा,” सिंधूबाई म्हणाल्या. “खायचं नंतर.”

त्या हसल्या नव्हत्या. दोन्ही चाचण्यांत वाया गेलेले पुरण त्या बाजूला काढत होत्या. मग त्यांनी मनीषाला हळू आवाजात सांगितले, “यंदा चुलीवरच करते. एकच दिवस तर शे.”

“एक दिवस नाही, आई. आठ दिवस. आणि तू ते करणार नाहीस.”

“मग ऑर्डरी परत कर.”

मनीषाने माझ्याकडे पाहिले. मी दोन दिवसांची मुदत मागितली. मग सिंधूबाईंना म्हणालो, “चुलीवर कसे करता, ते मला दाखवा. पेटवायचे नाही. लाकडे लावून फक्त दाखवा.”

“न पेटवता काय दाखवू?”

“हात कसा चालतो ते.”

त्या घरामागे गेल्या. पदर खोचला, चुलीवर गार खापर ठेवले आणि लाकडे रचली. मी हातात घड्याळ आणि वही घेतली. सुरुवातीला त्यांना संकोच वाटत होता. थोड्या वेळाने तो गेला. “आता एकच काडी,” त्या म्हणाल्या आणि एक काडी आत सरकवली. पुष्कळ वेळ नुसत्या बसून राहिल्या. “आता धरलं.” दोन लाकडे पुढे घेतली. जेथे निखारा नव्हता तेथून त्यांनी उलथन्याने निखारे ओढले, मधून बाजूला, पुन्हा मधून बाजूला, आणि खापराच्या पोटाशी कडेने लावले. माथ्याखाली त्यांनी जवळजवळ काहीच ठेवले नाही. दर थोड्या वेळाने तळहात खापराच्या वर वीतभर अंतरावर धरत आणि गोल फिरवत. एकदा त्यांनी हात चटकन मागे घेतला, जणू भाजला.

खापर गार होते. चूल गार होती. मी ते विसरलो होतो.

तासाभराने त्यांनी मांडा टाकल्याचा हात केला, उलटल्याचा केला, घडी घातल्याचा केला, आणि माझ्याकडे वळल्या. “एवढंच शे.”

वहीत चार पाने भरली होती. घरी जाऊन मी ती ग्राफवर उतरवली. तापवण्याचा चढ हळू, मग सपाट, मग मांडा पडताना लहानशी उचल. आमच्या विभागात असा आलेख ठरवायला बाहेरून तज्ज्ञ येत, चाचण्या होत, आणि तो काचेच्या चौकटीत लावला जाई. या बाईंनी तो कोणाला न दाखवता हातात ठेवला होता. मी रात्रभर जागलो असे म्हणणार नाही. मी वेळेवर झोपलो. परंतु इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून एवढा स्वच्छ आलेख एकदाही निघाला नव्हता, हे मला झोपण्यापूर्वी मान्य करावे लागले.

आता काम सरळ होते. मधली गोल कॉइल काढली. तिच्या जागी दोन वेगळ्या कॉइल बसवल्या: एक मोठी, खापराच्या कडेलगत फिरणारी, दुसरी लहान, माथ्याखाली. प्रत्येकीला वेगळा कंट्रोल. भट्टीच्या भाषेत याला झोन म्हणतात. भट्टीच्या तोंडाशी उष्णता अधिक निसटते, म्हणून तेथे अधिक द्यावी लागते, हे मी नव्या कामगारांना पहिल्या आठवड्यात शिकवत असे. उष्णता खाली निसटू नये म्हणून खाली आणि बाजूने भट्टीच्या विटा लावल्या. सर्वांवर ईएलसीबी बसवले. वीज कोठे गळू लागली तर माणसाला झटका बसण्यापूर्वीच पुरवठा तोडणारा हा स्विच. ओल्या पिठाचे हात असलेल्या घरात त्याच्याशिवाय मी काम देत नाही.

तिसऱ्या चाचणीला पाऊण तास झाल्यावर मी पायरोमीटर काढला. पिस्तुलासारखे हे उपकरण वस्तूला न शिवता तिचे तापमान सांगते. मी माथ्यावर एक आणि कडेने चार ठिकाणी मापे घेतली. सर्व जवळजवळ सारखी आली.

“घ्या,” मी म्हणालो.

सिंधूबाईंनी तळहात धरला आणि गोल फिरवला. मागच्या बाजूला, भिंतीकडे, हात थांबला.

“इथे कमी शे.”

“सगळीकडे सारखे आहे. मोजले आहे.”

“तुमचं यंत्र इथे धरलं होतं का?”

धरले नव्हते. मी चार दिशा घेतल्या होत्या. सिंधूबाई दोन दिशांच्या मधली जागा दाखवत होत्या. मी तेथे पायरोमीटर धरला. बाकीच्या कडेपेक्षा चौदा अंश कमी. पुन्हा धरला. चौदाच.

रऊफभाईंनी न सांगताच मेन बंद केला. असे क्वचित घडते.

आम्ही खापर निवू दिले. निवायला लागलेल्या दीड तासात सिंधूबाईंनी आम्हाला जेवायला वाढले. खापर उचलून पाहिले, तर त्याच जागी कॉइलचा एक वेढा खाचेतून निसटून खाली बसला होता. बोटाच्या पेराएवढा. रऊफभाईंनी तो बसवला आणि चिमट्याने दोनदा दाबून पाहिला.

“हात दाखवा, ताई,” ते सिंधूबाईंना म्हणाले.

“का?”

“बघतो, कुठली कंपनी आहे.”

त्या वेळी त्या हसल्या, आणि हसताना खोकल्या. मनीषा पाणी घेऊन आली.

खापर पुन्हा तापले. तळहात पुन्हा गोल फिरला आणि या वेळी कोठेही थांबला नाही. सिंधूबाईंनी गोळा घेतला, तेलाचा हात लावला, आणि तो एका मनगटावरून दुसऱ्यावर टाकत झुलवू लागल्या. मांडा पातळ होत गेला; त्याच्यातून मागच्या खिडकीचा उजेड दिसू लागला. त्यांनी तो खापरावर टाकला. धूर नव्हता, ज्योत नव्हती, आवाजही नव्हता. मातीच्या त्या घुमटावर मांडा कडेपासून कडेपर्यंत एकाच वेळी फुलला आणि त्यावर एकसारखे तांबूस ठिपके आले. भट्टीतून लाल पोलाद बाहेर येताना मी हजारो वेळा पाहिले आहे. त्या दिवशी मी टोपी काढून हातात घेतली होती, हे मला रऊफभाईंनी नंतर सांगितले.

आखाजीच्या आधीचे आठ दिवस सिंधूबाई त्या खापरापुढे बसल्या. सर्व ऑर्डर गेल्या. सणाच्या दिवशी दुपारी मी तपासणीसाठी गेलो, तेव्हा एक वृद्ध गृहस्थ मांडे न्यायला आले होते. त्यांनी तुकडा तोडून तेथेच चाखला.

“चांगला आहे, सिंधूबाई. पण धुराचा वास नाही.”

“तो वास मनी छातीमा शे,” त्या छातीवर हात ठेवून म्हणाल्या. “तठेच राहू द्या.”

गृहस्थांनी उरलेला मांडा खाल्ला आणि आणखी चार मागितले.

दुसऱ्या दिवशी सिंधूबाईंनी रऊफभाईंकडून पहार मागून घेतली आणि घरामागची चूल स्वतः फोडली. मनीषाने मदत देऊ केली. ती त्यांनी घेतली नाही. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी सांगितले की फुप्फुसे सुधारलेली नाहीत; ती सुधारत नसतात. मात्र बिघडलेलीही नाहीत. ऑक्सिजनच्या मशीनचा विषय निघाला नाही.

तेव्हापासून मी कामाची एक पद्धत बदलली आहे. नव्या ठिकाणी गेल्यावर पहिला तासभर उपकरणांची पेटी उघडत नाही. जो माणूस तेथे काम करतो त्याला काम करू देतो आणि भिंतीला टेकून उभा राहतो. मापे त्यानंतर घेतो. बहुतेक वेळा ती बरोबर येतात. फक्त कोठे घ्यायची, हे आधी कळलेले असते.