विनोदिनीचे पक्के दात

नार्व्याच्या विनोदिनीने नवे दात बसवून घेतले हे गावात कळलं, तेव्हा दोघी-तिघींनी नाकं मुरडली. साठी उलटलेल्या विधवेला दातांची हौस कसली, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी तिची आधीची दोन वर्षं पाहिली नव्हती. हिरड्यांतून पू यायचा, पुढचे चार दात जिभेने ढकलले तरी हलायचे. सकाळी दारावर येणाऱ्या पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, ताजा पावसुद्धा ती चहात विरघळवून गिळायची आणि पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाशी, गौरेशशी, व्हिडिओवर बोलताना तोंडावर पदर धरायची. एका रविवारी तो वैतागला. "आई, पदर काढ बघू." तिने काढला. पुढच्याच आठवड्यात तो रजा टाकून आला आणि तिला म्हापशाला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला.

डॉक्टर सिद्धी वयाने सुनेसारखी, बोलणं मात्र सासूचं. तिने एक्स-रे काढले, हिरड्यांत बारीक सळई घालून मोजलं आणि सांगून टाकलं, की खालचं हाड झिजलंय, एकही दात वाचायचा नाही. सगळे काढायचे. वर सहा आणि खाली चार स्क्रू हाडात बसवायचे आणि त्यांवर दातांच्या दोन्ही ओळी पक्क्या करायच्या. रात्री काढून वाटीत ठेवायची कवळी नव्हे. "पण मशेरी आजपासून बंद, आणि कायमची. तंबाखू लागली तर हाड स्क्रूला धरणार नाही. मग माझ्याकडे रडत यायचं नाही."

विनोदिनी 'बरं' म्हणाली. बरं म्हणायला काय जातं! पण घरी येईपर्यंत तिला धास्ती लागली होती, आणि ती स्क्रूंची नव्हती.

मशेरी ती एकटी लावत नसे. शेजारच्या गंगाच्या सोप्यावर रोज सकाळी दोघी बसायच्या. गंगा तव्यावर तंबाखू भाजायची, चुरडायची, आणि मग बोट दातांवर फिरवत अर्धा तास गप्पा. अडतीस वर्षांपूर्वी विनोदिनी लग्न होऊन आली, त्याच आठवड्यात तिची दाढ ठणकली होती. तेव्हा गंगानेच पहिली चिमूट तिच्या हातावर ठेवली. "लाव गो, दुखप रवतला." ते दुखणं खरंच थांबलं होतं. पुढे फेरीबोटीवर काम करणारा नवरा, शांताराम, वारला. गौरेश पुण्याला गेला. दिवसभरात माणसाशी बोलणं म्हणजे तेवढा अर्धा तास. बाकी सगळा दिवस ती आपल्याच भांड्यांचा आवाज ऐकायची. मशेरी सुटली की गंगाही सुटणार, ही तिची भीती होती.

शहाण्या बाईने सरळ गंगाला सांगितलं असतं. विनोदिनीला ते जमेना. तू मायेने हातावर ठेवलंस त्यानेच माझे दात खाल्ले, असं कुठल्या तोंडाने सांगायचं? गंगाचेही सात दात उरले होते आणि तेही नाचत होते. मग तिने नवसाची थाप मारली. "सप्तकोटेश्वराक सांगून घेतलंय गो. रोज सकाळी देवळात जावचा आसा." गंगा म्हणाली, "जा गो बाय, देवाचा काम." आता थाप मारली म्हटल्यावर रोज उठून देवळात जाणं आलं. जाता-येता गंगाच्या अंगणातून भाजक्या तंबाखूचा वास यायचा. विनोदिनी भराभरा पावलं टाकायची. जी बाई सणाखेरीज देवळाची पायरी चढली नव्हती तिला रोज पाहून देवाला काय वाटलं असेल कोण जाणे.

ऑपरेशन झालं. गौरेश पुन्हा आला, एक दिवस राहिला. रजा संपली म्हणून तिनेच त्याला पाठवला. तात्पुरते दात तिसऱ्या दिवशी बसणार होते. तोवर तोंड रिकामं, गाल सुजून भोपळा. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात टॉवेलात बर्फ धरून बसली होती, आणि मागच्या दाराशी गंगाची हाक आली. "विनोदिनी गो! दार उघड." विनोदिनीने तोंडावर हात दाबला. गंगाने आणखी दोनदा हाक मारली. "भितर आसंस मगो तू?" मग चपलांचा आवाज अंगणातून लांब गेला. उद्या दात बसले की जाईन आणि सगळं सांगेन, असं विनोदिनीने ठरवलं.

दुसऱ्या दिवशी ती म्हापशाहून दात बसवून आली, तर गंगाच्या दाराला कुलूप. पलीकडच्या घरातून कळलं, की गंगाला दोनदा चक्कर आली होती, म्हणून तिचा मुलगा गणेश गाडी घेऊन आला आणि तिला वाळपईला घेऊन गेला. त्याची नोकरी तिथे. आता ती तिथेच राहणार.

चार महिने विनोदिनी पेज आणि मऊ भातावर राहिली. देवळात जायचं कारण उरलं नव्हतं, तरी जात राहिली. गणेशचा पत्ता आणि नंबर मिळवला, तीनदा फोन लावला आणि घंटी वाजायच्या आत बंद केला. मग कायमचे दात बसले. डॉक्टरने ठोकून पाहिलं, हाडाने स्क्रू घट्ट धरले होते. गौरेश फोनवर म्हणाला, "हस ना आई!" ती हसली. फोन बंद झाल्यावर तिने पोदेराकडचं एक कांकण, तो बांगडीसारखा गोल कडक पाव, कडाकडा चावून खाल्लं. तो आवाज घरभर झाला, आणि तिला इतकं एकटं वाटलं की दुसरं खाववेना.

दुसऱ्या दिवशी ती वाळपईच्या बसमध्ये बसली.

गणेशचं बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर. मुलगा-सून कामावर गेलेली. गंगा गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, पूर्वीच्या अर्धी झालेली. विनोदिनी उभ्याउभ्याच सगळं बोलून गेली. मशेरीचं, देवळाच्या थापेचं, डॉक्टरचं.

"मशेरी?" गंगा म्हणाली. "ती सुनेन पयल्याच दिसा भायर उडयली."

"आणि त्या दिसा मी भितरच होतंय गो," विनोदिनी म्हणाली. "तुजी हाक आयकली मी. तोंडात एक दात नव्हतो. तुका कसा तोंड दाखवू?"

गंगाने मान खाली रस्त्याकडे फिरवली.

"दात बघूक कोण आयलला?" ती म्हणाली. "गणेश गाडी घेवन भायर उबो होतो. जातंय म्हणून सांगूक आयलंय मी."

गंगाने दुसरी खुर्ची जवळ ओढली.

"तुजी बस पाचाक," ती म्हणाली. "तोवर रव."