अक्काकडची मोकळी दुपार

आमच्या कात्रपच्या सोसायटीतल्या विष्णुपंतांसोबत प्रवास म्हणजे शिक्षाच. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते प्लॅनिंगला होते. नोकरी सुटली, प्लॅनिंग सुटलं नाही. चहाला थांबले तरी एक डोळा घड्याळावर. मला त्यांचा राग यायचा, अजूनही येतो.

दरवर्षी ते बायकोला, पद्मजाकाकूंना, घेऊन कोकणात कुलदेवीला जातात. वाटेत एका फाट्यापासून हाकेच्या अंतरावर काकूंच्या थोरल्या बहिणीचं, भागीरथीअक्काचं, घर. माहेरचं आता एवढंच माणूस उरलेलं. पण जाताना अभिषेकाची वेळ गाठायची, आणि येताना देवदर्शनाहून थेट आपल्या घरी यायचं, मध्ये कुणाचा उंबरा चढायचा नाही, ही रीत. मग अक्काच फाट्यावर येऊन उभी राहायची. खिडकीतून आमसुलांची पिशवी आत, लाडवांचा डबा बाहेर. "बरी आहेस ना गं?" "बरी. तू?" की निघाली गाडी! फोनवरही दोघी म्हणायच्या, "राहू दे, निवांत भेटू तेव्हा सांगेन." वर्षानुवर्षं हेच.

यंदा काकू हटून बसल्या. "अहो, अक्काकडे एक दुपार मोकळी ठेवा, नाहीतर मी येत नाही." विष्णुपंतांनी कधी नव्हे ते ऐकलं आणि एक दिवस आधी निघायचं ठरवलं. गाडी माझी होती. अक्काला हे सांगायचंय, ते विचारायचंय, असं काकूंचं वाटभर चाललं होतं. म्हटलं, चला, देव पावला.

अक्काने ओसरीवर चटई घातली होती. चहा झाला. "बरी आहेस ना गं?" "बरी. तू?"

मग अक्काने रिकामे कप एकात एक घातले.

काकूंनी राजसीच्या लग्नाचं काढलं. अक्काला राजसी कोण ते ठाऊक नव्हतं. अक्का म्हणाली, "नवसीचं दुखणं काही हटत नाही." नवसी कोण, हे आता काकूंनी विचारलं. एक गोष्ट सांगायची तर आधीच्या दहा सांगायला हव्या होत्या. कुठून सुरुवात करणार? दोन म्हाताऱ्या बहिणी अंगणाकडे बघत बसल्या. मला तिथून उठून पळून जावंसं वाटत होतं.

थोड्या वेळाने अक्का आत गेली आणि आमसुलांची पिशवी घेऊन आली. "निघा आता, उशीर होईल तुम्हाला." बाहेर अजून रणरणतं ऊन होतं.

"छे, छे, वेळ आहे आम्हाला! भरपूर वेळ आहे!" विष्णुपंत जवळजवळ विनवणीच्या सुरात म्हणाले. काकूंनी पिशवी घेतली आणि चपला पायात सरकवल्या.

गाडीत काकू रडत होत्या. विष्णुपंत चाचरत म्हणाले, "अगं, पुढच्या वर्षी दोन दिवस राहू."

"नको," काकू म्हणाल्या. "फाट्यावरच भेटू. तिथे निदान वाटायचं तरी, की बोलायचं राहून गेलंय."