मेस, रूम आणि तक्रारवही

जून आला की माझा फोन तापतो. ओळखीतल्या कुणाच्या तरी लेकीला पिंपरी-चिंचवडमध्ये कॉलेज मिळालेलं असतं आणि प्रश्न ठरलेला असतो, "ताई, मेसवालं हॉस्टेल घेऊ, की रूम करून हाताने करून खाऊ?" मी एका वाक्यात सांगायचं ठरवते. पण एक किस्सा निघतो, त्याला चिकटून दुसरा येतो आणि माझा आवाज चढतो. ऋतुजा म्हणते, तू सल्ला देत नाहीस, भांडतेस. भांडतेच! पोटाशी खेळणाऱ्यांशी गोड बोलायचं की काय?

तर आम्ही तिघी. मी प्राजक्ता, संगमनेरची. ऋतुजा चिपळूणची. आणि वैशाली लातूरकडच्या एका खेड्यातली. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला चऱ्होलीतल्या एका खासगी हॉस्टेलमध्ये आम्ही एकाच खोलीत येऊन पडलो. खोली हवी तर मेस घ्यायचीच, असा तिथला नियम.

* * *

ॲडमिशनच्या दिवशी पालकांना जेवायला बसवलं होतं. श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, पापड, वर आग्रह. हॉस्टेलचे मालक आण्णा स्वतः वाढत होते. जमीन त्यांची, इमारत त्यांची, मेसही त्यांचीच.

वैशालीच्या आईने दोन घास खाल्ले आणि त्यांच्यापुढे हात जोडले. "माझी लेक आठवीपासून नऊ माणसांच्या भाकरी थापती, दादा. चार वर्षं तरी तिला आयतं ताट मिळू द्या."

आण्णा म्हणाले, "काळजीच करायची न्हाई, मावशी. आपलीच पोर हाय."

ते श्रीखंड आम्हाला पुन्हा दिसलं थेट पुढच्या वर्षी, आम्ही हॉस्टेल सोडायच्या आठवड्यात, नव्या पालकांच्या ताटात! आम्हाला त्या दिवशीही पातळ पिठलंच होतं.

* * *

आण्णा चाकणच्या एका कंपनीच्या कँटीनलाही जेवण पुरवायचे. ऋतुजाचा मामेभाऊ नेमका त्याच कंपनीत फर्स्ट शिफ्टला होता. दुपारी त्याचा मेसेज यायचा, "आज फ्लॉवर-वाटाणा. खूप उरलाय." संध्याकाळी आमच्या ताटात फ्लॉवर-वाटाणा हजर.

आम्हाला राग यायचा, पण त्या मेसेजची वाटही बघायचो, लाज नाही म्हणून सांगते. एकदा त्याने कळवलं की आज सगळी भाजी संपली, शेवटच्यांना नुसतं वरण मिळालं. त्या संध्याकाळी आम्ही ताजी मेथी खाल्ली. वर्षभरातली तेवढी एकच.

* * *

नाश्ता साडेआठला आणि कॉलेजची बस आठला. मी वॉर्डन मॅडमना म्हटलं, नाश्ता अर्धा तास आधी ठेवा. त्या म्हणाल्या की तुमच्या कॉलेजलाच अर्धा तास उशिरा भरवायला सांगा. बरं, हे त्या थट्टेत म्हणत नव्हत्या.

मग आम्ही खोलीत एक इलेक्ट्रिक किटली आणली. सकाळी तिच्यात मॅगी करून बस पकडायची. आठ दिवसांत ती जप्त झाली, कारण खोलीत काहीही शिजवणं म्हणजे आगीचा धोका. महिन्याभराने सही घ्यायला ऑफिसात गेले तर आलं घातलेल्या चहाचा वास सुटलेला. टेबलावर आमचीच किटली, झाकणावर ऋतुजाने चिकटवलेलं फुलपाखरूसुद्धा तसंच. मॅडमनी मला अर्धा कप देऊ केला. मी घेतला, काय करणार!

* * *

आता तक्रारवहीचं ऐका. मेसच्या दाराशी दोरीने बांधलेली लांबडी वही होती. तक्रार लिहायची, आणि तिचं निवारण झालं की खाली शेरा मारून सही. हा शेरा मारायचा कुणी? ज्याची तक्रार त्यानेच! दर रविवारी आण्णा चष्मा लावून बसायचे आणि पानामागून पान एकच शेरा मारत जायचे.

मी लिहिलं, पोळ्या कच्च्या असतात. खाली शेरा, "समाधान झाले." मी लिहिलं, वरणात झुरळ निघालं. खाली, "समाधान झाले." शेवटी चिडून मी लिहिलं की या वहीतल्या तक्रारी कुणीही वाचत नाही. तर त्याच्याखालीही तेच, आणि झोकदार सही! मी वही घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिले. आण्णा, हे वाचलंत तरी का?

आण्णा शांतपणे म्हणाले, "व्हय की. सही हाय न्हवं खाली?"

अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. वाचायचंसुद्धा नाही? समोरची पोरगी काय म्हणतेय एवढं बघायचंही नाही?

* * *

या सगळ्यात वैशालीने कधी कुरकुर केली नाही. ती तीच कच्ची पोळी खायची, ताट पुढे करून अजून एक मागायची, आणि हात धुऊन थेट पुस्तक उघडायची. मी तिच्यावर भडकायचे. तुला राग कसा येत नाही गं?

"बसल्या जागी कुणी वाढतंय गं," ती म्हणायची. "मला तेवढंच लई हाय."

दुसऱ्या वर्षी रूम करायची कल्पना माझी. थेरगावात डांगे चौकाजवळ फ्लॅट बघितला तोही मीच. वैशालीला यायचं नव्हतं. आईला काय सांगू, म्हणून ती दोन दिवस अडून बसली. मी तिला समजावलं की पाळ्या लावू, तिघींना दोन-दोन दिवस, रविवारी बाहेर. तुझ्या वाट्याला आठवड्यातून दोनच दिवस स्वयंपाक. तिने आईला फोन करून तसंच सांगितलं.

पाळ्यांचा तक्ता फ्रीजवर लागला. आणि आण्णांची आठवण म्हणून मी शेजारी एक तक्रारवहीसुद्धा दोरीने टांगली. ऋतुजा लिहायची, "माझा टॉवेल कोणी वापरला?" रविवारी मी आण्णांसारखा चष्मा नाकावर घेऊन बसायचे आणि सगळ्या तक्रारींखाली झपाझप "समाधान झाले" मारून झोकदार सही ठोकायचे. ऋतुजा हसून हसून लोळायची.

* * *

पहिल्याच आठवड्यात माझ्या खिचडीचा कुकर जळला, तो तीन दिवस भिजत पडला. ऋतुजाची पाळी असली की ती भाजी आणायला म्हणून जायची आणि वडापाव घेऊन यायची. मग वैशाली मुकाट्याने कणीक मळायला घ्यायची. आम्ही तिच्याभोवती उभ्या राहून तिच्या हाताला काय चव आहे म्हणून कौतुक करायचो. तक्ता तसाच होता. मंगळवारपुढे माझं नाव होतं, बुधवारपुढेही माझंच.

गणिताच्या पेपरच्या दिवशी सकाळी तिने आमचे तिघींचे डबे भरले. मेथीचे पराठे होते, मऊ झाले होते अगदी. मी पास झाले, ऋतुजा पास झाली. वैशालीचा विषय राहिला. आम्हाला फार वाईट वाटलं. तेव्हा मी म्हणत होते की पेपर तपासणाऱ्यांना जरा काही वाटत नाही.

* * *

तिसऱ्या वर्षी वैशालीने बॅग भरली आणि परत चऱ्होलीला जाते म्हणाली. त्याच हॉस्टेलला, आण्णांकडे! मी स्कूटरवरून तिला सोडायला गेले आणि सबंध रस्ताभर तिच्याशी भांडले. ते झुरळ विसरलीस का, ती किटली विसरलीस का, त्या माणसाने आपलं एक अक्षर तरी कधी वाचलं का?

ती मागे बसून एवढंच म्हणाली, "तिथं मला अभ्यास व्हतो, प्राजू."

मेसमध्ये तिने ताट घेतलं, तिथल्या वाढणाऱ्या मावशींनी पोळी वाढली. कच्चीच होती, लांबूनही दिसत होतं. ती जेवायला बसली. मी तणतणत घरी आले आणि रागारागाने फ्रीजवरचा तक्ता ओढून काढला. त्याबरोबर दोरी तुटून तक्रारवही खाली पडली आणि मधलंच एक पान उघडलं.

वैशालीचं अक्षर, बारीक आणि सरळ. "या महिन्यात सगळ्यांच्या पाळ्या मीच केल्या. उद्या गणिताचा पेपर आहे. उद्या एक दिवस दुसरं कोणी डबे करेल का?"

आणि खाली माझ्या अक्षरात, झोकदार सहीसकट, "समाधान झाले."